सरपंचाच्या दारी नळ नव्हता

आमच्या आळीला टेकाची आळी म्हणत. उंब्रजहून नदीच्या अंगाने खाली आलं की आमचं गाव लागायचं, आणि मारुतीचं देऊळ मागे टाकलं की चढ सुरू व्हायचा. असा चढ, की भरल्या गाडीचे बैलसुद्धा मध्येच थांबून धन्याकडे वळून बघत. त्या चढाच्या माथ्यावर आमची घरं, सगळी भावकीची. खाली नदीकाठची विहीर, वर आम्ही, आणि मध्ये आमच्या आया-बहिणींची डोकी, अशी पाण्याची सगळी व्यवस्था होती. आज मी कुपवाडात राहते, तोटी पिरगाळली की पाणी येतं. पण पन्नाशी ओलांडल्यावरही वाहती तोटी उघडी दिसली की माझा हात आपोआप तिकडे जातो. पाण्याचं वजन मानेला एकदा कळलं की ते विसरायला होत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पलटणीतून हवालदार होऊन घरी आले ते निम्मी पलटण बरोबर घेऊनच आले. चहा प्यायला पांढरा एनॅमलचा मग, दाराशी आरशासारखे बूट, आणि बोलण्यात मध्येच हिंदी. अंथरुणाची घडी चौकोनी झाली नाही तर ती उलगडून पुन्हा घालायला लावत. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की घरात भांड्याचासुद्धा आवाज चालत नसे, त्यामुळे आई भाकऱ्या थापायची त्या बातम्या संपल्यावर. मग मात्र त्या थापण्याचा आवाज असा घुमायचा, की पलीकडच्या शेवंताकाकी म्हणायच्या, "हवालदारणीचा रेडिओ लागला बग." गाव आबांना हवालदार म्हणायचं, म्हणून आई हवालदारीण. तिचं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. अंगानं चिमणीएवढी, पण भरली घागर घेऊन चढ चढताना ती आम्हा पोरींना मागे टाकायची. "आमी डोंगरातली मानसं. ह्यो चढ न्हवं, ह्यो उंबरा हाय," असं म्हणून हसायची. तिने स्वतःसाठी पाण्याची तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

गावातले दोन्ही गट एकमेकांची उणीदुणी काढून दमले, तेव्हा कुणाच्यातरी डोक्यात आलं की हवालदाराला सरपंच करावं. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आबा निवडून आले, आणि खरंच सांगते, तसा सरपंच मी पुन्हा पाहिला नाही. गावात आलेल्या नळयोजनेच्या ठेकेदाराच्या चहाला आबा शिवत नसत, उलट तो घरी आला तर आपला चहा त्याला पाजून वाटेला लावत. चारीत पाइप पुरेसा खोल गेला की नाही ते स्वतः चारीत उतरून बघत. आणि पहिल्याच ग्रामसभेत त्यांनी उठून जाहीर केलं, "नळ आख्ख्या गावाला येणार. पण माझी आळी सगळ्यात शेवटी. सरपंचानं आधी आपलंच घर भरलं, असं म्हणायची वेळ मी कुणावर येऊ देणार नाही." अशा टाळ्या पडल्या, की देवळावरची कबुतरं उडाली.

पाइप गावभर फिरले आणि चढाच्या पायथ्याशी येऊन संपले. उरलेलं काम पुढच्या टप्प्यात, असं ठरलं. पुढच्या टप्प्याचे पाइप आले तेव्हा फाट्यावर नवी वस्ती झाली होती. आबांनी ते पाइप फाट्याला दिले. पुन्हा टाळ्या. उंब्रजच्या बाजारात लोक आबांकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत, "ह्यो बग, सोताच्या दारात नळ न घेतल्याला सरपंच." आमच्या आळीतले पुरुषही त्या गौरवात वाटेकरी झाले. कुठे पाण्याचा विषय निघाला की छाती पुढे काढून म्हणत, "आमच्या आळीनं त्याग केलाय." त्यांचं काय जात होतं म्हणा. घागर त्यांच्या डोक्यावर थोडीच होती!

उलट आबा सरपंच झाल्यापासून आमच्या घराला पाणी जास्त लागू लागलं. सरपंचाकडे येणाऱ्याला आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. सकाळपासून माणसांची रीघ. कुणाला दाखला हवा, कुणाची बांधावरून भांडणं. आई चुलीपासून हलत नसे, हलली की विहिरीकडे. भांडी राखेनं घासून कोरडीच पुसायची, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, अंघोळीचं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. एकदा ती आबांना एवढंच म्हणाली, "आवं, तुमच्या सरपंचकीला पानी लय लागतंय." आबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. आईची थट्टा आणि आईचं म्हणणं यांतला फरक ओळखायला आबांना फार वर्षं लागली.

मग आमदारसाहेब आले, योजनेच्या उद्घाटनाचा नारळ फोडायला. कार्यक्रम देवळापाशी, पण चहा सरपंचांच्या घरी. जीप करकरत चढ चढून आली. त्या सकाळी आळीतल्या सगळ्या बायकांनी आमच्याकडे पाणी आणून ओतलं होतं, कारण साहेबांबरोबर माणसं किती येतील याचा नेम नव्हता. साहेब बाहेरच्या सोप्यात बसले, चहाचा घोट घेतला आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्याच्या स्वतःच्या दारात नळ नाही, असा सरपंच माझ्या मतदारसंघात मला दुसरा दाखवा!" सोपा 'वा वा'नं भरून गेला. आबांचा चेहरा असा उजळला होता, की मलाही भरून आलं. आत आई फडक्यानं चहा गाळत होती. मान वर न करता मला म्हणाली, "साहेबाला इचार, ह्या च्याचं पानी कुठनं आलंय म्हनावं." मी फिस्सकन हसले. ती हसली नाही.

शेवंताकाकींना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही सगळ्या मिळून आबांना का सांगत नाही. त्या आबांच्या चुलतभावाची बायको. म्हणाल्या, "आपलाच मानूस खुर्चीवर हाय, बाय. त्येच्याच अंगावर जायाचं व्हय? लोकं हसतील की." हे आमच्याकडचं खास गणित. परका माणूस खुर्चीवर असता तर याच बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन चावडीत ठिय्या मारला असता. माणूस आपला निघाला आणि बायकांची तोंडं बंद झाली. भावकीतला सरपंच म्हणजे आळीच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडेच नाही.

शेवंताकाकींची सून सुनंदा त्या वर्षी पोटुशी होती, तिचं पहिलंच. काकींचे गुडघे गेलेले, मुलगा कराडला कामाला, तेव्हा पाणी सुनंदालाच आणावं लागे. आई तिची एक खेप करायची, मी एक करायची, तरी उरायचंच. एका सकाळी चढाच्या निम्म्यावर सुनंदाचा पाय निसटला. आम्ही चुलीशी होतो. आधी घागरीचा आवाज आला. तांब्याची घागर टणटणत, आपटत, थेट मारुतीच्या देवळापर्यंत घरंगळत गेली, आणि ती थांबल्यावर मग काकींची हाक ऐकू आली. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. आबांनीच पळत जाऊन जीप मिळवली, सुनंदाला उंब्रजच्या डॉक्टरांकडे नेलं, दुपारपर्यंत दवाखान्याच्या दारात उभे राहिले. देवाची कृपा, पोटातलं बाळ आणि सुनंदा दोघंही वाचायची होती. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला आता उठू देऊ नका. आबा घरी आले, मगभर पाणी प्यायले आणि खरोखरच्या कळवळ्यानं म्हणाले, "चढ फार निसरडा झालाय. उद्याच खडी टाकून घेतो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मीही. खडी! एवढ्या हुशार, एवढ्या सज्जन माणसाला चढ दिसला, घागर दिसली, पडलेली सुनंदा दिसली, आणि न आलेला नळ तेवढा दिसला नाही. आपल्या चांगुलपणाच्या मागे काय लपलंय ते माणसाला दिसणं फार अवघड असतं, हे मला त्या वयात कळलं नाही. आईला कळलं असावं.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभेची दवंडी झाली. बायका सभेला जात नसत असं नाही, पण जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसत आणि चहा झाला की उठत. आईनं त्या दिवशी ठेवणीतली हिरवी साडी नेसली, शेवंताकाकींना दंडाला धरून चालवत आणलं, आणि मला म्हणाली, "चल, सभा बगू." देवळासमोर सतरंज्या अंथरलेल्या, पुढे टेबलावर धुतलेली चादर, तिच्यामागे खुर्चीत आबा. कडक इस्त्रीची टोपी. ग्रामसेवकांनी मागचे ठराव वाचले, कुणी जांभई दिली, कुणी तंबाखू मळली. शेवटी आबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." हे वाक्य झालं की चहा यायचा, म्हणून चहावाला उठलासुद्धा.

"मला इचारायचंय, सरपंच."

आई उभी होती. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घरात ती आबांना 'आवं' म्हणायची, आमच्याशी बोलताना 'तुमचं आबा'. 'सरपंच' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला, आणि आबांनीही. ते गोंधळले. हलक्या आवाजात म्हणाले, "घरी बोलू आपण." सभा खदखदून हसली.

"घरातलं न्हाई त्ये. गावातलं हाय," आई म्हणाली. "टेकाच्या आळीत पानी कवा येनार?"

"ते मी आधीच सांगितलंय. माझी आळी शेवटी."

"शेवट म्हंजी कवा? नळ पार फाट्यावर जाऊन पोचला. आजून शेवट आला न्हाई व्हय?"

आबांचा आवाज चढला. "मी माझ्याच आळीला आधी पाणी नेलं असतं तर लोक काय म्हणाले असते? मी आपल्या घराचा त्याग केला."

"त्याग तुमी केलासा, पन घागर आमी वाहिली. तुमच्या नावानं टाळ्या पडल्या, आमच्या डोईवर चुंबळ तशीच ऱ्हायली." घागरीखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची चुंबळ, तिचा उल्लेख होताच मागच्या भिंतीकडे बायकांत चुळबूळ झाली. आई थांबली नाही. "आन आळी काय तुमची एकट्याची न्हाई. ह्या शेवंताबाईनं बी मत दिलंय. भावकीतलं मत म्हनून त्येचं वजन कमी भरतंय का? सुनंदा पडली, तर तुमी खडी टाकतो म्हनला. खडी पिऊन तहान भागंल व्हय तिची?"

आता आबांच्या विरोधात गेलेल्या गटाचे पुढारी तात्या पहिल्या रांगेत होते. त्यांना हसू आवरेना. मांडीवर थाप मारून म्हणाले, "हवालदार, हल्ला घरातूनच झाला की रं गड्या!"

आई त्यांच्याकडे वळली. "तात्या, तुमी इरोधात हाय न्हवं? मग ह्यो सवाल तुमी इचारायचा व्हता. तुमच्या दारात नळ आला आन तुमी गप बसला. तुमचं काम आज मला करावं लागतंय."

तात्यांचं हसू जागच्या जागी विरलं. आता सगळ्यांचे डोळे आबांवर. त्यांचे कान लाल झाले होते. घरात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस, आणि इथं भर सभेत बायकोनं जाब विचारलेला. मला वाटलं, आता हे उठून चालू लागणार, आणि मग आमच्या घराचं काय होणार कोण जाणे. निवडणूक तोंडावर, आईनं तात्यांच्या हातात आयतं कोलीत दिलेलं. शेवंताकाकी तर तोंडावर पदर घेऊन मारुतीचं नाव घेत होत्या.

आबा उठले. खुर्ची मागे सारली. पण गेले नाहीत. पलटणीत साहेबापुढे उभे राहत तसे पाय जुळवून, हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले. आवाज नेहमीचा नव्हता. "मला वाटलं, मी नाव राखतोय," ते म्हणाले, आणि एरवी शुद्ध बोलणाऱ्या आबांची जीभ गावावर आली. "नाव राखलं, आळी न्हाई राखली. चूक माजी हाय. फुडचा पाइप टेकावर जाईल. कवा, त्ये फुडच्या सभंत हितंच उभं राहून सांगीन. न्हाई झालं, तर का न्हाई झालं, त्ये बी उभं राहूनच सांगीन." त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. आबांच्या सरपंचकीत टाळ्यांशिवाय झालेली ती पहिलीच सभा. चहावाल्यालाही खूण करावी लागली.

संध्याकाळी घरात आम्ही भावंडं चुलीपाशी दाटीनं बसलो होतो. आईनं मसुराची आमटी केली होती, भाकरी, लसणाचा खर्डा. आबा पाटावर बसले, भाकरी कुस्करली, आमटी ओतली, दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "इचारलंस त्ये बरं केलंस. पन आदी मला घरात का न्हाई इचारलंस?"

आईनं दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "घरात इचारलं असतं, तर तुमी मला उत्तर दिलं असतं. गावाला दिलं नसतं. माझ्या हट्टापायी नळ आला असता, तर त्यो माझा लाड झाला असता. शेवंताबाईचा हक झाला नसता."

आबांनी ताट पुसून खाल्लं. उठताना म्हणाले, "आमटी झकास झालीया." आमच्या घरात याहून मोठी माफी मी कधी ऐकली नाही, आणि याहून मोठ्या माफीची आईला गरजही पडली नाही. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला, की भांडी घासताना मी राखेत बोटं घालून उगीचच रडत बसले.

पुढच्या सभेत आबा कुणी न विचारताच उभे राहिले आणि पाइप अजून का आले नाहीत ते सांगितलं. साताऱ्याला जिल्हा परिषदेत हेलपाटे घातले. आमदारसाहेबांकडे जाऊन म्हणाले, "साहेब, ज्या दाराचं तुम्ही कौतुक केलं, त्या दाराला आता पाणी हवंय." साहेब हसले म्हणे, पण पाइप आले. पुढे सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा सगळं गाव आईच्या दारात आलं. ती ऐकेना. म्हणाली, "समदीच खुर्चीवर बसली तर खालनं इचारायचं कुनी?" परवा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक गटारीच्या कामाचा नारळ फोडायला आले आणि माझं नाव घेऊन, 'ताई आपल्याच आहेत', असं चारचौघांत म्हणाले. मला आईची हिरवी साडी आठवली. मी म्हटलं, "आपली आहे म्हणूनच विचारते. मागच्या गल्लीची गटार कधी?" त्यांनी खिशातला मोबाइल काढून उगीचच कानाला लावला. पण दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला.

तर नळ टेकावर आला. ओळीनं आला. आमचं घर आळीच्या मधोमध, त्यामुळे आमची तोटी ना पहिली ना शेवटची. ते आबांनी मुद्दाम बघून घेतलं होतं. त्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आळीतल्या सगळ्या बायका, शिवाय खालच्याही. सुनंदा मांडीवर गुबगुबीत लेक घेऊन बसलेली. तिळगूळ झाले आणि उखाण्यांना सुरुवात झाली. आई दरवेळी तोच लहानपणी पाठ केलेला उखाणा घेऊन सुटका करून घ्यायची. या वेळी शेवंताकाकींनी तिचा हात धरला. "जुना चालनार न्हाई, हवालदारीण. सभंत तोंड चाललं, आता हितं चालू दे."

बाहेर सोप्यात आबा रेडिओ ऐकत होते. आईनं पदर सावरला, लाजली, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच मन लावून नाव घेतलं:

"शेवटच्या नळाला पानी, घागर भरली काठोकाठ,
चूक कबूल करतानाबी आनंदरावांची मान ताठ."

बायकांनी असा गलका केला की सुनंदाची लेक दचकून रडायला लागली. त्या गोंधळात माझ्या लक्षात आलं, बाहेरचा रेडिओ बंद झालाय. मी दाराआडून डोकावले. सोप्यात कुणी साहेब आले नव्हते, कुणी काही विचारत नव्हतं. तरी आबा उभे होते.